फिर्याद ऐकण्याचें कर्तव्य

एका सद्गृहस्थांशीं बोलतां बोलतां हा प्रश्न निघाला. ते म्हणाले, "एखादी स्त्री पोलीस ठाण्यांत येऊन आपणांवर बलात्कार झाला असें सांगूं लागली, तर फौजदारानें तिच्यावर विश्वास ठेवावा कीं ठेवूं नये? तो न्यायाचा चाकर. त्यानें विश्वासही ठेवूं नये व अविश्वासही दाखवूं नये. पुरावा बोलेल तें खरें." हें उत्तर ऐकावयास फार समंजस वाटतें, आणि तें देणारा मनुष्य सहसा वाईट नसतो. तथापि आमच्या मतें ह्या समंजसपणाच्या पोटांत एक मोठी चूक दडलेली आहे. आणि त्या चुकीपायीं आपल्याच प्रांतांतील एका मुलीची काय गत झाली हें पाहिल्यावांचून ती चूक नीट ध्यानांत यावयाची नाहीं. विषय नाजूक आहे. घरांत मोठ्यानें वाचण्याजोगा नाहीं असेंही कोणी म्हणतील. वाचकांनीं मनांत वाचावा, पण वाचावा.

देसाईगंज हें गांव आज गडचिरोली जिल्ह्यांत आहे. १९७२ सालीं तो सर्व मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. तेथें मजुरी करून पोट भरणारी एक आदिवासी मुलगी होती. आईबाप लहानपणींच वारलेले. ती भावाजवळ राहत असे. वय चौदा व सोळा ह्यांच्या दरम्यान. तिचें नांव कायद्याच्या पुस्तकांतून छापलेलें आहे, पण आम्ही तें येथें लिहीत नाहीं. अशा स्त्रीचें नांव प्रसिद्ध करणें हा १९८३ पासून गुन्हा आहे, आणि तो नियम बऱ्याच अंशीं तिच्याच खटल्यामुळें अस्तित्वांत आला. तेव्हां निदान तिच्या बाबतींत तरी तो पाळावा हें बरें.

बहिणीस एका तरुणानें फूस लावून नेलें, अशी भावानें ठाण्यांत वर्दी दिली होती. २६ मार्च १९७२ रोजीं रात्रीं सर्व मंडळी ठाण्यांत आली. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली, तेव्हां एका शिपायानें मुलीस मागें थांबवून घेतलें व बाकीच्यांस बाहेर जावयास सांगितलें. दिवे मालविले गेले, दार लागलें. त्या शिपायानें आपणांवर बलात्कार केला व तेथेंच असलेल्या हवालदारानें आपल्या अंगास हात घातला, असें मुलीनें बाहेर येऊन सांगितलें. माणसें जमलीं. ठाणें जाळून टाकूं अशी भाषा जमाव करूं लागला, तेव्हां कोठें तिची फिर्याद लिहून घेण्यांत आली. ज्या घरीं फिर्याद न्यावयाची त्याच घरांत हा गुन्हा घडला होता, ही गोष्ट वाचकांनीं विसरूं नये.

खटला चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टांत चालला. १ जून १९७४ रोजीं निकाल झाला कीं, आरोपी निर्दोष आहेत. मुलगी खोटें बोलते असें न्यायाधीशांनीं ठरविलें. शिवाय डॉक्टरच्या दाखल्यावरून तिचा पूर्वीं पुरुषाशीं संबंध आलेला होता असें काढून, त्या अर्थीं येथेंही तिची मर्जी असली पाहिजे, असें अनुमान त्यांनीं बांधलें. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर शाखेनें १२ ऑक्टोबर १९७६ रोजीं हा निकाल फिरविला, आणि शिपायास पांच वर्षें व हवालदारास एक वर्ष अशी शिक्षा दिली. त्या न्यायमूर्तींचें म्हणणें असें कीं, भीतीनें निमूटपणें सोसणें हें एक व राजीखुशीनें रुकार देणें हें दुसरें. जे पोलीस तिच्या ओळखीचेहि नव्हते त्यांच्याशीं ती आपण होऊन सलगी करील हें संभवत नाहीं. पुढें प्रकरण दिल्लीस गेलें. १५ सप्टेंबर १९७८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोघांसही सोडून दिलें. अंगावर जखमा नाहींत, त्या अर्थीं प्रतिकार झाला नाहीं. प्रतिकार झाला नाहीं, त्या अर्थीं संमति होती. मुलीनें आपण ओरडलों असें सांगितलें होतें. न्यायालयास तें खरें वाटलें नाहीं.

तिन्ही न्यायासनांपुढें पुरावा तोच होता. न्यायाधीश लांचखाऊ होते असें कोणींही म्हटलेलें नाहीं. ते विद्वान होते, आणि आमच्या त्या सद्गृहस्थांप्रमाणें "पुरावा बोलेल तें खरें" असेंच मानणारे होते. पण पुरावा आपण होऊन बोलत नसतो. त्याच्याकडून बोलविणारा मनुष्य असतो, आणि तो मनुष्य स्त्री, अब्रू, लाज, मर्जी ह्यांविषयींचे आपले ग्रह घेऊनच न्यायासनावर चढतो. जखम नसणें ही वस्तुस्थिति आहे. जखम नाहीं म्हणून संमति होती, हा ग्रह आहे. नागपूरच्या न्यायमूर्तींनीं त्याच वस्तुस्थितींतून उलट अर्थ काढला, तो त्यांनीं चौदापंधरा वर्षांच्या पोरक्या मुलीच्या जागीं क्षणभर आपणांस उभें केलें म्हणून.

ओरडण्याच्या प्रश्नावर थोडें थांबावेंसें वाटतें. जुन्या करारांत अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत ह्याविषयीं एक प्राचीन नियम आहे. नगरांत ओरड न करणाऱ्या मुलीस तो दोष देतो, आणि त्या नियमाचा हा अर्धा भाग आज कोणी न्याय्य म्हणणार नाहीं. परंतु दुसरा अर्धा भाग विचार करण्याजोगा आहे. शेतांत गांठलेल्या मुलीविषयीं, साक्षीदार कोणी नसतांही, ती ओरडली असेल व सोडविणारा कोणी नव्हता असें धरून चालावें असें तो सांगतो. ह्याच्या मुळाशीं अशी समजूत आहे कीं, कोणी तरी ऐकेल ह्या आशेवर मनुष्य ओरडतो. जेथें ऐकणारा नाहीं तेथें ओरडण्यावरून किंवा न ओरडण्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. देसाईगंजचें ठाणें भर वस्तींत असेल, पण त्या रात्रीं त्या मुलीपुरतें तें शेतच होतें. ओरडून ती बोलावणार कोणास? पोलिसास? पोलीस तर समोरच उभा होता.

निकाल छापून आल्यावर दिल्ली विद्यापीठांतील उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार ह्या चौघां कायदेपंडितांनीं १६ सप्टेंबर १९७९ रोजीं सरन्यायाधीशांस एक उघडें पत्र लिहिलें. एका मुलीस रात्रीं ठाण्यांत अडकवून ठेवलें ह्याबद्दल निषेधाचा एक शब्दही निकालांत कां नाहीं, असें त्यांनीं विचारलें. शरण जाणें म्हणजे संमति देणें काय, हाही त्यांचा प्रश्न होता. पत्रामागून मुंबई, दिल्ली, नागपूर वगैरे ठिकाणीं स्त्रिया रस्त्यांवर आल्या. तो निकाल कायमच राहिला; परंतु १९८३ सालीं कायदा बदलला. पोलीस किंवा तुरुंग, इस्पितळ अशा ठिकाणचे अधिकारी ह्यांच्या ताब्यांतील स्त्रीनें आपली संमति नव्हती असें शपथेवर सांगितलें, आणि संबंध घडल्याचें सिद्ध झालें, तर संमति नव्हती असेंच न्यायालयानें धरावें, असें ठरलें. मुलीच्या मार्गांतला एक मोठा धोंडा त्यामुळें दूर झाला, पण पहिल्या मुलीच्या नव्हे, मागून येणारींच्या.

दुसरे धोंडे निघावयास फार वर्षें लागलीं. फिर्यादी स्त्री वाईट चालीची आहे असें दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यांत राणीच्या राज्यापासून होती; ती २००३ सालीं काढून टाकण्यांत आली. बळानें प्रतिकार केला नाहीं एवढ्यावरून संमति धरतां येणार नाहीं, हें कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं लिहिलें गेलें २०१३ सालीं, म्हणजे देसाईगंजच्या रात्रीनंतर एकेचाळीस वर्षांनीं. आणि ज्या वैद्यकीय तपासणीच्या आधारें चंद्रपूरच्या कोर्टानें मुलीस "सरावलेली" ठरविलें, ती बोटांची तपासणी तर त्याहूनही चिवट निघाली. तिला शास्त्राचा कांहीं आधार नाहीं. पूर्वीं संबंध आला होता कीं नाहीं हें तीवरून कळत नाहीं, आणि कळलें असतें तरी त्या रात्रीं काय घडलें ह्याशीं त्याचा संबंध काय? २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली, २०१४ सालीं भारत सरकारच्या आरोग्य खात्यानें आपल्या मार्गदर्शक सूचनांतून ती वर्ज्य केली, आणि तरीही ती चालूच राहिली. म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावें लागलें कीं, जो कोणी ही तपासणी करील तो गैरवर्तनाचा दोषी समजला जाईल, व वैद्यकीच्या अभ्यासक्रमांतूनही ती काढावी. कायदा पुस्तकांत एका दिवसांत बदलतो; डॉक्टरच्या हाताची व फौजदाराच्या जिभेची संवय मात्र एका दिवसांत बदलत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एखाद्या शेतकऱ्याचा बैल रात्रींतून नाहींसा झाला, आणि तो ठाण्यावर गेला. फौजदार त्यास असें म्हणतो काय कीं, "मागच्या साली तूं मेव्हण्यास एक बैल फुकट दिला होतास ना? मग हाही दिला असशील"? किंवा, "चोर बैल नेत असतां तूं त्यांच्याशीं झुंजला कां नाहींस? तुझ्या अंगावर एक वळही दिसत नाहीं"? किंवा, "तुझी चालचलणूक कशी आहे तें आधीं पाहूं, मग लिहूं"? तो असें कांहीं म्हणत नाहीं. तो वही उघडतो, बैलाचा रंग, शिंगें, डाग विचारून घेतो, आणि शिपाई पाठवितो. शेतकरी खोटें बोलत असेल असा संभव तेथेंही आहेच. लोकांनीं बैल विकून चोरीची वर्दी दिल्याचीं उदाहरणें नाहींत असें नाहीं. तरी फौजदार लिहून घेतो, कारण खरें कीं खोटें हें लिहून घेतल्यानंतरच्या तपासांत कळावयाचें असतें. खरी तटस्थता ती हीच. स्त्रीच्या बाबतींत जिला आपण तटस्थता म्हणतों, ती तटस्थतेचा अंगरखा घातलेला अविश्वास असते.

"पण आरोपी निर्दोष मानावा हा न्यायाचा पाया नव्हे काय?" असें आमच्या सद्गृहस्थांनीं विचारलें. होय, पाया आहे, आणि तो ढिला व्हावा असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. परंतु तो नियम शिक्षा देणाऱ्याच्या हातासाठीं आहे, ऐकणाऱ्याच्या कानासाठीं नव्हे. आरोपीस निर्दोष माना म्हणजे फिर्यादीस लबाड माना, असा त्याचा अर्थ कोणत्याही काळीं नव्हता. ह्या दोहोंची गल्लत फार जुनी आहे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत हेल नांवाचा एक मोठा न्यायाधीश होऊन गेला. हा आरोप करणें सोपें व निवारणें कठीण, अशा अर्थाचा इशारा त्याच्या ग्रंथांत आहे. तो ग्रंथ छापला गेला १७३६ सालीं, त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं, आणि त्या इशाऱ्याची छाया इंग्रजी कायद्याबरोबर आपल्या देशांतही आली. हा आरोप करणें सोपें आहे, असें म्हणणाऱ्यानें एकदां एखाद्या खेड्यांतील तरुण मुलीस एसटीनें तालुक्याच्या ठाण्यावर जाऊन, चार पुरुषांच्या देखत तो करून दाखवावयास सांगावें. १९८३ सालीं गुजरातच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच ध्यानांत घेतलें. ज्या समाजांत असें बोलणारी स्त्री आपलें लग्न, माहेर, शेजार सर्व पणास लावते, तेथें केवळ दुसरा पुरावा नाहीं म्हणून तिच्या शब्दावर अविश्वास ठेवणें म्हणजे जखमेवर अपमानाची भर घालणें होय, असें त्या निकालाचें तात्पर्य आहे.

खोट्या फिर्यादी होतच नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. जमिनीच्या भांडणांतून, भावकीच्या वैरांतून त्या होतात, आणि निरपराध मनुष्याचें घर त्यांत बुडतें. पण त्यावरचा उपाय कोणता? वहीच न उघडणें हा उपाय असेल, तर खोटी व खरी दोघीही दारांतून परत जातील. आणि खोटी बहुधा ओळख लावून पुन्हा आंत येईल. कपडे ताबडतोब ताब्यांत घेणें, वैद्यकीय नमुने वेळेवर प्रयोगशाळेस पाठविणें, भ्रमणध्वनीच्या नोंदी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब, हें सर्व पहिल्या दिवशीं नीट झालें तर तें जितकें स्त्रीच्या उपयोगी पडतें तितकेंच खोट्यांत गोंवलेल्या पुरुषाच्याही. तपासाची हयगय ही दोघांचीही वैरीण आहे.

कान बंद राहिले म्हणजे काय होतें ह्याचें एक उदाहरण हैदराबादचें आहे. नोव्हेंबर २०१९ मध्यें एक तरुण पशुवैद्य बाई रात्रीं घरीं परतली नाहीं. घरचीं माणसें पोलिसांकडे गेलीं, तेव्हां हद्द आमची कीं तुमची ह्या वादांत वेळ गेला अशी त्यांची तक्रार होती. पुढें दिरंगाईबद्दल तिघां पोलिसांस निलंबितही करण्यांत आलें. तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता. ६ डिसेंबरच्या पहाटें, पकडलेले चारही आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनीं मारले गेले, आणि लोकांनीं पोलिसांवर फुलें उधळलीं. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ति विकास सिरपूरकर होते. गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेंच झाला, व चौघांपैकीं तिघे त्या वेळीं अज्ञान होते, असा त्या आयोगाचा २०२२ सालचा निष्कर्ष आहे. फुलें उधळणाऱ्यांस आम्ही दोष देतों, पण त्यांचें मन समजूं शकतों. कोर्टांतून कांहीं निघेल ही आशा सुटली म्हणजे मनुष्य बंदुकीस न्याय म्हणूं लागतो. १९७२ सालीं ठाणें जाळावयास निघालेला जमाव व २०१९ सालीं फुलें उधळणारा जमाव हे एकाच निराशेचे दोन अवतार आहेत. आणि ही निराशा अगदींच निराधार नाहीं. २०२२ सालीं देशांत बलात्काराच्या ३१,५१६ फिर्यादी नोंदल्या गेल्या. ज्या खटल्यांचा निकाल लागतो त्यांत दोषी ठरण्याचें प्रमाण अलीकडच्या वर्षांत शेंकडा तीसच्या आंतच राहिलें आहे. दोन महिन्यांत तपास व दोन महिन्यांत खटला पुरा करावा असें कायदा म्हणतो. तारखांवर तारखा पडतात, साक्षीदार कंटाळतात, कांहीं फुटतात; आणि उलट तपासणींत वकील नको तें विचारीत असतां न्यायाधीशांनीं मुकाट्यानें पाहत बसूं नये, हें पंजाबांतील एका खटल्यांत १९९६ सालींच सांगितलेलें असूनही पुष्कळ ठिकाणीं तें कागदावरच आहे.

सर्व दोष ठाण्यावर व कोर्टावर ढकलून आपण मोकळे होऊं असें मात्र कोणी समजूं नये. ठाण्याच्या आधीं गांव लागतो. आपल्या बोलण्यांतच पाहा. "तिची अब्रू गेली" असें आपण म्हणतों. चोरानें घर फोडलें तर घरधन्याची अब्रू जात नाहीं, चोराची जाते. येथें मात्र ज्यानें अपराध केला त्याची अब्रू शाबूत व जिच्यावर झाला तिची गेली. हें एकदां धरलें कीं पुढचें सर्व ओघानेंच येतें. पंच जमतात, "गांवची गोष्ट गांवांत राहूं द्या" म्हणतात, कांहीं रुपये, एखादा एकर, नाहीं तर त्याच मनुष्याशीं लग्न, असा तोडगा निघतो. तो काढणारे आपणांस दयाळू समजतात. सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं मध्यप्रदेशांतील एका प्रकरणांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, अशा अपराधांत तडजोडीचा किंवा लग्नाच्या सौद्याचा विचारही होऊं शकत नाहीं. मुलगी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानें हें पंचांचें मौन स्वतःच अपराध आहे; ज्यास कळलें त्यानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. मंडळीचे वडील, पाटील, शिक्षक, कोणीही असो.

म्हणून कांहीं गोष्टी खेड्यांतील प्रत्येक घरास ठाऊक असाव्यात. इस्पितळांत आधीं जावें कीं ठाण्यांत, असा घोळ घालण्याचें कारण नाहीं. सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही इस्पितळानें अशा स्त्रीवर ताबडतोब व फुकट उपचार केलेच पाहिजेत, आणि नाकारणारा शिक्षेस पात्र होतो. अंग धुण्याची, कपडे धुण्याची ओढ साहजिक आहे, तरी होतां होईल तों तपासणी आधीं व्हावी. धुतलें असेल तरीही जावें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानें कोणत्याही ठाण्यांत फिर्याद देतां येते. हद्दीचें निमित्त चालत नाहीं. जबाब स्त्री अधिकाऱ्यानेंच लिहून घ्यावयाचा, आणि तो स्त्रीच्या घरीं किंवा ती म्हणेल त्या जागीं घेतां येतो, आईबाप किंवा जवळचें माणूस पाशीं असतां. फौजदारानें नोंद नाकारली तर त्यास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तीच फिर्याद टपालानें जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी, आणि तेथेंही दाद न लागली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करावा. वकील स्त्रियांस जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. महाराष्ट्रांत २०१३ पासून मनोधैर्य योजनेखालीं अर्थसाहाय्यही मिळतें, पण त्यासाठीं फिर्यादीची नोंद लागते.

सर्वांत अवघड काम मात्र कोणत्याही कलमांत लिहिलेलें नाहीं, तें म्हणजे तिच्याबरोबर जाण्याचें. एकटी गेलेली मुलगी दारांतूनच परत फिरण्याचा संभव फार. बरोबर एक वडीलधारी बाई असावी. ती फार बोलकी असण्याची गरज नाहीं. जबाब लिहून झाल्यावर तो मोठ्यानें वाचून दाखवावयास सांगावें, स्त्रीच्या तोंडचे शब्द बदलले असतील तर तेथल्या तेथें दुरुस्त करून घ्यावे, आणि पहिल्या खबरीची नक्कल हातांत पडल्यावांचून बांकावरून उठूं नये. ती फुकट मिळते.